इतिवृत्तात न घेतलेले

मंगळवार, संध्याकाळचे सात. चर्चचं तळघर.
हजर नऊ. गैरहजर दोघे : एक गुडघ्यामुळे, एक रुसल्यामुळे.
गॅनेट कोव्हच्या सेवा क्लबची मी सचिव.
जे ठरलं ते लिहिते.
जे घडलं, त्याला वहीत रकाना नाही.

लिअँडर अध्यक्ष झाला आणि त्याने टूम काढली :
दर सभेला एकाने पाच मिनिटं स्वतःविषयी बोलायचं.
मी म्हटलं, तीनशे माणसांचं गाव,
कुणाकडे कुठला मासा शिजतोय ते धुरावरून कळतं,
सांगायचं काय उरलंय?
तो म्हणाला, तिला कुठे कळतं?
लुझविमिंदा. दवाखान्यातली नवी नर्स, फिलिपिन्सची.
तीन मंगळवार कोट न काढता बसलेली.

पहिली पाळी त्याचीच.
चार मिनिटं सांडपाण्याच्या पंपावर बोलला,
पाचव्यात म्हणाला,
विनिफ्रेड गेल्यापासून मी रेडिओ बंद करत नाही.
कुणी खोकलं.
कुणी भरलेली किटली पुन्हा नळाखाली धरली.

एकतीस वर्षं मी पोस्टात काढली.
या खोलीतल्या प्रत्येकाचं पाकीट अंधारातही ओळखीन :
बँकेचं, वकिलाचं, दूरच्या बहिणीचं,
आणि ज्याला काहीच येत नाही
त्याचं ते दारात रेंगाळणं.
यालाच मी ओळख म्हणत आले.

मग जुने चष्मे गोळा करायची मोहीम निघाली.
बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या पिशव्यांतून
मेलेल्यांचे, वाढलेल्या पोरांचे,
दांडीला दोरा बांधलेले,
दोनशे चौदा चष्मे टेबलावर.
लुझविमिंदा पुसायची, मी नंबराच्या चिठ्ठ्या लावायची.
कामात हात गुंतले तशी ती बोलू लागली.
बर्फापेक्षा, म्हणाली, मला भीती वाटते
ती इथल्या लोकांच्या "बरं आहे" ची.
पेशंट मरायला टेकतो आणि म्हणतो, बरं आहे.

ॲम्ब्रोज खोकी उचलायला आला होता.
सत्तरीचा, होडी विकून झालेला, हात अजून दोरखंडाचे.
कधीही कागद पुढे केला की
त्याचा चष्मा घरी राहिलेला असतो.
अल्बर्टातल्या पोराची पत्रं अकरा वर्षं
मीच खिडकीतून वाचून दाखवली,
"फिलोमिना, जरा बघ गं, काय म्हणतोय."
लिअँडर हसत म्हणाला, घे, आज दुकान मांडलंय,
लाव हवा तो.

त्याने एक लावला. मग दुसरा.
नर्सने त्याच्यासमोर औषधाच्या बाटलीचं लेबल धरलं.
सोनेरी काडीचा. जाड भिंगाचा.
पाद्रीबाईंच्या आईचा, निळा, मांजरडोळी.
आम्ही हसत होतो.
सातवा की आठवा उतरवून
त्याने तो घडी करून, अगदी जपून, खाली ठेवला
आणि म्हणाला,
डोळे ठीक आहेत माझे.

भट्टीचा पंखा तेवढा चालू होता.

लिअँडरने टोपी काढून परत घातली. म्हणाला,
वीस वर्षं एका होडीत होतो आपण, गाढवा.
ॲम्ब्रोज म्हणाला, होडीत वाचायला काय होतं?
वारा होता. तो मी तुला वाचून दाखवत होतो.

लुझविमिंदाने बाटली खिशात टाकली.
कोट काढून खुर्चीला अडकवला,
आणि काही घडलंच नाही अशा आवाजात विचारलं,
त्या वाऱ्याला इथे काय म्हणतात,
जो रात्री माझी खिडकी वाजवतो?
त्याने सांगितलं. तिला उच्चारता येईना.
पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही.
असं बराच वेळ.

मी वही उघडली.
चष्मे दोनशे चौदा. पाठवणी शुक्रवारी.
सूचक लिअँडर, अनुमोदक ॲम्ब्रोज.

निघताना तो माझ्या खांद्याशी थांबला.
यात मी कुठे आहे, म्हणाला.
मी बोट ठेवलं. त्याने माझं बोट बाजूला करून
स्वतःचं ठेवलं,
पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत
बर्फावरून चालावं तसं नेलं.

"एवढं लांब आहे?" म्हणाला.