चावरा मासा

आज पाणी चार बोटंच.
जास्त नको, बाजारातला नोप्पदोन म्हणाला,
हा श्वास घ्यायला वर येतो,
आजाऱ्याला चढण कमी ठेव.
म्हणून बरणीतून काढून
काचेच्या पसरट वाडग्यात ठेवलाय,
शिवणयंत्राच्या उजव्या हाताला.
डिसेंबरात नाखोन पथोमलाही पहाटे गारवा उतरतो,
तिथे दिव्याची ऊब पडते.

आमच्याकडे याला पला-कात म्हणतात,
म्हणजे चावरा मासा.
चावरा कसला!
पाच दिवस एका कुशीवर पडून आहे,
भिजलेल्या लाल चिंधीसारखा.
अळी नाकासमोरून वळवळत जाते,
हा बघतसुद्धा नाही.

क्रियांग तैवानला गेला
तेव्हा एकोणीस बरण्या मागे ठेवून गेला
आणि एक वही :
कोणाला केव्हा किती अळ्या,
कोणाची शेपटी कधी फाटली.
सतरा मी विकल्या.
शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईने
घरात डासांची पैदास तरी किती करायची?
उरले दोन. हा, आणि पलीकडच्या बरणीतला निळा.
मध्ये पुठ्ठा.
पुठ्ठा काढायचा नाही,
वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलंय,
एकमेकांकडे बघून बघून झिजतात.

देवळामागे बदामाचं झाड आहे.
तोडलेलं पान चालत नाही,
आपणहून गळलेलं, वाळलेलंच लागतं.
मी वाकून शोधत होते.
अंगण झाडणारा म्हातारा भिक्षू म्हणाला, मासा का?
आणि ढिगातून एक निवडून दिलं,
न फाटलेलं, किडीचं भोक नसलेलं.
आता वाडग्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं.
मीठ चिमूटभर, वेगळं विरघळवून,
थेंब थेंब, काठाकाठाने.
रोज पाव भाग पाणी बदलायचं,
नवं पाणी आधी मनगटावर टाकून बघायचं.
माझ्या मनगटाला हे काम
आजवर कोणी दिलं नव्हतं.

रविवारी क्रियांगचा फोन येतो.
मागे यंत्रं घरघरत असतात.
लाल कसा आहे?
ऐटीत आहे, मी म्हणाले.
आणि तू?
ऐटीत, तो म्हणाला.
खोकला आला तो त्याने गिळला,
मला ऐकू आलं.
दोघांनीही पुढे काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी
खाकी कापडाचा तागा ओढताना
कोपर लागलं, पुठ्ठा पडला.
निळ्याने याला पाहिलं.
याने निळ्याला.

मी उचलायला वाकले, आणि तशीच थांबले.

आधी डोळा वळला.
मग कल्ल्यांची झाकणं, कुरकुरत्या दारासारखी,
थोडी, अजून थोडी.
चिंधी एकदम ताठ झाली.
शेपटीचा पंखा अर्धाच उघडला,
डावी बाजू चिकटलेलीच राहिली,
पण उरलेल्या अर्ध्यात
काय तो माज!

बाबांचं असंच होतं.
शेवटी शेवटी पाणीही गिळवत नव्हतं,
पण कालव्यात थावोनच्या बोटीचं इंजिन वाजलं
की मान उशीवरून उचलायची,
धक्क्याच्या हद्दीवरची तीस वर्षं जुनी शिवी हासडायची,
आणि मग म्हणायचे, पेज आहे का गं चमचाभर?
आई थावोनला शिव्या द्यायची सगळ्यांसमोर,
आणि कोणी नसताना
त्याच्याकडे केळ्यांचा फणा पाठवायची.

दहापर्यंत मोजलं.
पुठ्ठा परत उभा केला.
संध्याकाळी एक अळी सोडली.
पहिल्यांदा चुकला.
दुसऱ्यांदाही.
मी दिवा जवळ ओढला, गुंड्या लावत बसले,
अकरावी गुंडी लावून वर पाहिलं
तर वाडग्यात अळी नव्हती.

बरा झालाय असं म्हणवत नाही.
डावी बाजू अजून तशीच.
उद्या पान बदलायचं, मीठ निम्मं करायचं.

सतरा बरण्या विकल्याचं
क्रियांगला अजून सांगितलेलं नाही.
येत्या रविवारी
सांगीन म्हणते.