विथ

सावद्याच्या रस्त्याला, पॅकहाउसच्या पत्र्याखाली
माझं टेबल, एक कॉम्प्युटर,
दाराशी केळीची सालं चघळणारी कुणाचीतरी शेळी.
दुबईला मेल लिहीत होते:
"वुई हॅव कम्प्लाइड टू ऑल रिक्वायरमेंट्स."
तेवढ्यात फिरके सर आले, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.
कपाळावरचा चष्मा खाली ओढला नि म्हणाले,
"टू नाही गं. विथ.
तीस वर्षं हेच खोडत आलो."

टू पुसला.
पण तो कुठून येतो, ते मला ठाऊक होतं.
आपलं सगळं 'ला'वर चालतं.
साहेबाला विचार, देवाला दाखव,
नियमाला धरून राहा.
'ला' म्हटलं की मान आपोआप जराशी खाली.
आणि त्यांचं विथ म्हणजे सोबत.
म्हणजे नियम येणार माझ्याबरोबर
साडेसहाच्या रिक्षात, मांडीला मांडी लावून,
डबा सांडला तर सावरायला.

मागे हौदात तुरटीचं पाणी.
नूरजाबाई तडवी फण्या धुते.
चीक बोटांवर काळा पडत जातो,
लुगड्यावरचा डाग लुगड्याबरोबरच जातो.
कॅलिपर तिच्या कमरेला नुसता लटकलेला,
ती अंगठा लावून सांगते,
"हे चाळीसचं. हे नाही जायाचं."
आजवर चुकलेली मी पाहिली नाही.

मी तिला यादी वाचून दाखवली:
डोक्याला जाळी, एप्रन, हातमोजे.
"हातमोजे? ते तं तपासनीवाले आले का निघता.
आन् हे विथ काय असतं, ताई?"
"सोबत."
"कोनासोबत?"

सरांना विचारावं म्हणून वळले,
तर ते पत्रिकेवर वाकून, पेनाचं टोपण दातात धरून
माझ्या आडनावातली वेलांटी
पहिली की दुसरी, ते ठरवत होते.

मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. वाक्य शुद्ध आहे.
सर गेल्यावर कपाटावरचा खोका उतरवला,
नखानं टेप उचकटली.
शंभर जोड, पांढरे, पावडर लावलेले,
सगळे माझ्या मापाचे.
नूरजाबाईच्या अंगठ्यापाशीच अडले.
ती हसली,
एक मोजा फुगवून शेळीला दाखवला,
आणि हात परत पाण्यात घातले.