चैत्रात काळं

पाडव्याचा आठवडा, आणि मी काळ्या साडीला इस्त्री करते आहे.
समोरच्या दमयंतीबाई दारातून डोकावल्या:
"अगं, काळं संक्रांतीला. आत्ता कुणाचं काय झालं?"
कुणाचं काही नाही.
वाशीला वाजवायचंय, साडेसहाला, सत्तावन्न जणांनी.
सगळ्यांनी काळं घालायचं,
म्हणजे माणसं दिसत नाहीत, नुसते हात दिसतात.

माझ्या हातांना अजून रबाळ्याच्या लॅबचा वास आहे.
व्हायोला म्हणजे काय, हे तिथे सांगायचं मी सोडून दिलं.
व्हायोलिनहून जाड, म्हटलं की हसतात,
मग माझ्याकडे बघून पुन्हा हसतात.

हार्प आमच्यात कुणाकडे नाही.
हार्पचे सूर रेवा तांडेल कॅसिओवर काढते,
स्पीकरवर आईची दुलई, जरा मऊ यावेत म्हणून.
चौथा हॉर्न कळव्याच्या बँडपार्टीतला भास्कर,
ऐन लग्नसराईत दोन सुपाऱ्या सोडून आलाय.
काळा कोट नव्हता त्याच्याकडे.
बँडचा लाल कोट उलटा करून घातलाय,
अस्तर काळं.

ज्याने हे लिहिलं त्याच्या गावात
वसंत म्हणे बर्फ वितळल्यावर यायचा.
आमचा खाडीवरून येतो, चिखलाचा वास घेऊन,
संध्याकाळीसुद्धा चौतीस अंश.
नेरूळच्या तालमीत खिडकीतून फ्लेमिंगो दिसायचे,
एका पायावर उभे,
आपली एन्ट्री मोजत असल्यासारखे.

हे संगीत संपायला तयार नसतं.
आपल्याकडचे पाहुणे कसे,
उठतात, पिशवी घेतात, चपला घालतात,
आणि जिन्यात उभं राहून खरी गोष्ट सुरू करतात.
तिसऱ्या भागात तसंच: दहादा वाटतं, आता टेकलं,
आणि दहादा खालून कुणीतरी, बहुतेक आम्हीच,
अर्ध्या सुराने सरकतो
आणि जिन्यातला दिवा परत लागतो.

माझ्या कागदांवर पेन्सिल मिस्किटा अंकलची.
बावीस वर्षं या खुर्चीत ते होते.
आता गज धरला की हात कापतो,
म्हणून सहाव्या रांगेत, कडेला.
'इथे घाई नको.' 'इथे चेलोचं ऐक, स्वतःचं नको.'
आणि शेवटच्या लांब सुरावर, बारीक अक्षरात:
'जातो म्हणू नये. येतो म्हणावं.'

त्याच सुरावर एसी बंद पडला.
इतका वेळ जिला शांतता समजत होतो
ती एसीची घरघर होती.
खरी शांतता आता आली, उघडी, गरम,
तिच्यात सत्तावन्न गज हवेतच थांबलेले,
आणि रेवाच्या दुलईखाली
एक सूर अजून झोपलेला नव्हता.
कुणी टाळी वाजवेना.
सहाव्या रांगेत एक हात गुडघ्यावर हलत होता,
बोटं अजून तारेवर दाबलेली.

मग वाजल्या टाळ्या, वाजायच्या तशा.

बाहेर अंकल म्हणाले, "के अक्षरापाशी लवकर आलीस."
"हो," म्हटलं.
"मीपण यायचो," म्हणाले, आणि रिक्षा शोधू लागले.

पार्किंगमध्ये भास्करने कोट सुलटा केला.
नऊला ऐरोलीत हळद.
हॉर्नची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवत
तो तिसऱ्या भागातलंच काहीतरी गुणगुणत होता.
मी विचारलं, तिथे वाजवशील का हे?
"घोडा बसेल खाली," तो म्हणाला, आणि लाल लाल
पाम बीच रोडला लागला.