आमच्या

पाटी अजून फाटकावर होती,
'वरची खोली भाड्याने देणे आहे',
आणि तिच्याशेजारी उभी राहून मी त्याला म्हणाले,
खोली गेली की ओ, कालच गेली.
त्याने पाटीकडे पाहिलं नाही.
ते न पाहणंच जास्त लागलं.
थँक्यू आंटी म्हणाला, सॅक दुसऱ्या खांद्यावर घेतली
आणि नागाळा पार्कातल्या उन्हात
पुढच्या पाटीकडे चालत गेला.

नाव मी विचारलं नव्हतं.
पेपरात कळलं: चिसोमो बांदा, देश मलावी,
विद्यापीठात एमएस्सीला, वय तेवीस.
राजारामपुरीत, आठव्या की नवव्या गल्लीत,
सायकलवरून पडलेलं पोर याने उचललं
आणि कुणीतरी ओरडलं, पोरं पळवणारा!
तेवढं पुरलं. बाकीचं त्याच्या रंगानं सांगितलं.
मारणाऱ्यांत तसं वाईट कुणी नव्हतं, म्हणे.
झेरॉक्सवाला, दूधवाला, क्लासला निघालेली दोन मुलं.
पोराची आई धावत आली, ओरडून सांगत राहिली,
पण ऐकायला कुणाचे हात मोकळे नव्हते.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
त्या परदेशी बंधूसाठी प्रार्थना करू या.
सगळे उभे राहिलो.
हे आमच्या स्वर्गातील पित्या,
आणि मी तिथंच अडकले.
साठ वर्षं तोंडात घोळलेला शब्द.
मराठी मोठी काटेकोर:
'आपल्या' म्हटलं की समोरचा आत येतो,
'आमच्या' म्हटलं की दार ओढलं जातं.
मंडळी रोजच्या भाकरीपर्यंत पोचली,
ऋणांपर्यंत पोचली,
मी फाटकापाशीच.

माझा पणजा शिवाप्पा, गावकुसाबाहेरचा.
विहिरीच्या काठावरून कुणी ओतलं
तर ओंजळीत पाणी, नाहीतर तहान.
मिशनच्या देवळात एकाच पेल्याला सगळ्यांसोबत
त्याचे ओठ लागले आणि पेला कुणी विसळला नाही.
मरेपर्यंत त्याने एवढीच साक्ष दिली.
बाकी शास्त्र त्याला येत नव्हतं.
त्या पेल्याची मी पणती.
खोली गेली की ओ.

सीपीआरला गेले. चाळीस वर्षं नर्स होते,
चिकटलेली पट्टी कशी सोडवायची ते बोटांना ठाऊक,
बाकी काय बोलायचं ते नाही.
डबा उघडला. मऊ भात, पांढरा रस्सा.
त्याने मला ओळखलं.
रूम? सुजलेल्या ओठांनी एवढंच विचारलं,
आणि तो हसला की त्याला दुखलं, कळलं नाही.
गेली नव्हती, मी म्हटलं. खोटं बोलले मी.
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
माफ केलं असं काही म्हणाला नाही.
मग स्वतःशीच पुटपुटायला लागला, त्याच्या भाषेत.
शब्द एकही कळेना, पण चाल ओळखीची,
कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा.
त्याच्या भाकरीच्या जागी मी माझी भाकर म्हटली.
पलीकडच्या खाटेवरची गडहिंग्लजची बाई
काही न समजता हात जोडून बसली होती.

चिसोमो म्हणजे कृपा, त्यानेच सांगितलं,
चमचा परत देताना.

आता तो पुण्यात असतो, मित्राकडे.
एकदा मेसेज आला, बरा आहे.
खोली रिकामीच. पावडरने खिडक्या पुसून ठेवते.
रात्री प्रार्थनेला बसले की
आमच्या म्हणते आणि थांबते,
फाटकाची कडी काढून, सॅक सांभाळत
कुणाला आत यायला लागेल
तेवढा वेळ.