बाकी

माळ तिच्या ड्रॉवरमध्ये असते.
बारा मणी, गुळगुळीत, चढत्या मापाचे:
पहिला हरभऱ्याच्या घाट्याएवढा,
शेवटचा कबुतराच्या अंड्याहून थोराड.
डॉक्टर व्हिर्तानेन एका हातात माळ धरते,
दुसऱ्या हातानं मला तपासते
आणि खिडकीकडे बघते,
बोलता बोलता कुणी लिंबू पारखावं तशी.
"दहा," म्हणते.
मग मणी पुन्हा चाचपून, "नाही. आठ."
लिहिते.

मला वाटलं होतं हसू येईल.

तुर्कूत जानेवारीतले सकाळचे नऊ,
खिडकीत अजून उजाडायचंय.
तिला काचेत तिचाच दिवा दिसत असणार.

माळ मला नवी नाही.
सात वर्षांचा होतो, तेव्हा वॉर्डातली मार्याट्टा सिस्टर
दर सुईमागे एक मणी ओवून द्यायची,
तिच्या मुलीच्या तुटलेल्या हारातले, लाकडी.
ते संपल्यावर कोटाची बटणं.
शेजारच्या खाटेवरच्या यालमारीची माळ
माझ्या माळेहून लांब होती.
ती त्याच्यासोबतच गेली.

जुनी फाईल तळघरातून आणवलीय.
कोपरे मऊ पडलेत.
डॉक्टर बेरीज करते: इतके मिलिग्रॅम, इतक्या वेळा,
आणि भागिले माझं तेव्हाचं अंग.
पुरता एक चौरस मीटरही नव्हतो मी.

मी विचारतो, ते लाल औषध ना?
ज्यानं लघवी लाल व्हायची,
ज्याला मी लांडग्याचं सरबत म्हणायचो?
"ते नव्हे. त्यासाठी तुमचं हृदय बघू, नंतर.
हे दुसरं. पाण्यासारखं दिसायचं."

पाण्यासारखं.
लाल पिशवी दिसली की मी खाटेखाली लपायचो
आणि या दुसऱ्या पिशवीखाली
निवांत चित्रं रंगवत बसायचो.

आई कॉरिडॉरमध्ये म्हणाली होती,
पोरगं जगू दे, बाकी नंतर बघू.
मी ट्रॉलीवर होतो, डोळे मिटून जागा.
शाळेत परत गेलो तेव्हा वर्ग वजाबाकीवर आलेला.
वरचा आकडा अपुरा पडला
की शेजारच्या घरातून उसना घ्यायचा.
आईनंही तेच केलं.
फक्त घर माझं होतं
आणि अजून बांधायचं होतं.
तिच्या जागी मीही सही केली असती,
दोनदा केली असती.

रक्ताचा कागद म्हणतो: टेस्टोस्टेरॉन ठीक.
म्हणजे दाढी माझी, आवाज माझा,
हेन्नाकडे बघून रात्री जे होतं तेही माझं.
पण मेंदूकडून जाणारा निरोप फार मोठ्या आवाजात जातोय,
खाली कुणी ऐकत नसल्यासारखा.
"किंवा हळू ऐकत असेल," डॉक्टर म्हणते.
"काहींचं वीस वर्षांनी परततं. थोडं.
मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

मोजण्यासाठी डबी. डबीवर माझं नाव,
ओस्सी लेहतिमाकी, आणि सूचना:
तासाभरात आणा, अंगाच्या उबेत.

रविवारी आईचा फोन आला. ती रौमाला असते.
बटाटे कोंब धरताहेत म्हणाली,
शेजारच्यांनी कुत्रा आणला म्हणाली.
मग गप्प राहिली,
मी फोन ठेवेपर्यंत.

बुधवारी उणे चौदा.
हेन्नानं दारात माझ्या कोटाचं
वरचं बटण लावलं, मग पुन्हा तपासलं.
कुणीच विनोद केला नाही.
बस सोडून मी चालत निघालो,
बसमध्ये कुणाचा तरी धक्का लागेल म्हणून.
ऑरा नदी गोठलेली, पुलावर वाळू टाकलेली,
समोरून सायकलवर एक म्हातारी, बर्फातही, सरळ.
हात छातीवर घट्ट,
सदऱ्यात कोंबडीचं पिल्लू घेऊन निघावं तसा मी,
आणि त्या अख्ख्या पुलावर
माझ्या तोंडून मोठ्यानं एकच शब्द: सावकाश.
त्याला म्हणालो की स्वतःला, कोण जाणे.

खिडकीपलीकडची मुलगी विशीची असेल,
बाहीवर शाईचा डाग.
नाव? सांगितलं.
जन्मतारीख? सांगितली.
"किती वाजता घेतलं?"
सात चाळीस.
तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
डबी दोन्ही हातांनी घेतली.
"मग वेळेत आलात," म्हणाली.