हिरवी रेघ

ग्रिम्स्बी काउन्सिलच्या दुसऱ्या मजल्यावर
माझी रात्रपाळी.
समोर पडदा, पडद्यावर एकशे बारा घरं.
घर म्हणजे एक रेघ :
किटली लागली, फ्रिज उघडला, जिन्यात पाऊल वाजलं
की जराशी उसळते, हिरवी राहते.
माणूस दिसत नाही.
त्याचं पाणी उकळलं एवढंच कळतं.

छत्तीस नंबर. विल्फ स्टेन्टन, वय एक्याऐंशी.
रोज पहाटे तीन दहाला किटली.
यंत्राने तीन आठवडे पाहिलं, मग रेघ पिवळी केली :
निद्रानाश. एकाकीपणाची शक्यता बहात्तर टक्के.
रक्तदाब तपासावा. फोन करावा.

केला.
"झोप लागत नाही का?" मी छापील प्रश्न विचारला.
तो हसला, खोकला.
"पोरी, चाळीस वर्षं मासेमारी बोटीवर स्वयंपाकी होतो.
तीनला जाळं वर यायचं,
तीन दहाला अकरा मग चहा लागायचा.
आता एकच भरतो,
पण नावं सगळ्यांची घेतो.
त्या वेळी मी एकटा नसतो."

"मग कधी असता?"
हे छापील नव्हतं.
पलीकडे बराच वेळ नळ ठिबकत राहिला.
"सकाळी अकराला. टपाल येऊन गेल्यावर."

मी मागचे सगळे दिवस उघडून पाहिले.
अकराला : टीव्ही चालू. फ्रिज दोनदा. जिना ठीक.
रेघ हिरवीगार,
आमच्या देवगडला बांधावरच्या डबक्यावर शेवाळ धरतं तशी,
वरून बघणाऱ्याला कुरण वाटावं.

शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं :
तीन दहाला बरा असतो, अकराला बिघडतं.
यंत्राने वाक्य घेतलं नाही.
आकडा मागितला.

आठला पाळी सुटली. घरी येऊन पडदे ओढले,
अकराचा गजर लावला.

"हॅलो विल्फ. काउन्सिलमधून नाही. अशीच."
"काय करतेस?"
"बांगड्याचं तिखलं उरलंय कालचं, गरम करतेय."
"बांगडा? शिळा?"
आवाज एकदम ताठ झाला, स्वयंपाक्याचा झाला.
"थांब. आधी सांग, आंबटाला काय घालतेस?"
सोलं सांगितली. मग तिरफळं.
त्यांना इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं,
म्हणून वास सांगत बसले.

त्या तासात त्याने किटली लावली नाही,
फ्रिज उघडला नाही, जिन्याकडे फिरकला नाही.
रेघ सपाट झाली, मग पिवळी.
दिवसपाळीच्या पोराने नियमाप्रमाणे फोन लावला,
दोनदा.
लाइन बिझी होती.