हार्टनेलच्या बंगल्याची मोजणी

कळंब्याच्या वरच्या अंगाला, उसाच्या फडातून
आधी चार धुराडी दिसतात.
पाचवं गुऱ्हाळाचं.
धूर निघतो तो फक्त पाचव्यातून.

टेपचं दुसरं टोक इलाहीच्या हातात.
तो आकडा म्हणतो, मी परत म्हणतो,
मग लिहितो.
जागा बिनशेती होणार, बावीस प्लॉट पडणार.

दप्तरात नकाशा सापडला, कापडावर डकवलेला,
कडेनं कसरीनं खाल्लेला.
खाली सही : वॉल्टर हार्टनेल, ओव्हरसियर.
साहेब म्हणावा असा साहेब नव्हता तो;
पुलाच्या कामावर दगडांच्या गाड्या मोजणारा,
दौऱ्यात ज्याचा तंबू सगळ्यात शेवटी लागायचा.

दरबारला पाहुण्यांसाठी बंगला हवा होता.
'काढ,' म्हणाले, 'तुमच्यात असतोय तसला.'
त्याच्यात तसला नव्हता.
तसल्या घरी त्याचा बाप माळी होता.

हे कुठं लिहिलेलं नाही.
हे मला नकाशानं सांगितलं.

मागचं दार बघा :
बिजागऱ्या तीन, प्रत्येकीला खिळे सहा,
उंबरा डाव्या कडेला झिजलेला, ती झीजसुद्धा काढलीय.
बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी,
पायरीजवळ बादली ठेवून ठेवून पडलेला गोल.
स्वयंपाकघराची खिडकी
सात-आठ वर्षांच्या पोराला दिसावी तशी, खालून.

पुढच्या अंगाला मात्र नुसता चौकोन.
दिवाणखाना : चौकोन.
जिना : एक रेघ, वर जाते एवढंच.
बाजूला बारीक अक्षरात,
'गवंड्याच्या समजुतीप्रमाणे.'

गवंडी सावळाप्पा, जोतिबाच्या पायथ्याचा.
त्यानं तरी असलं घर आतून कुठं बघितलेलं?
त्याला मोठं दार एकच ठाऊक, देवळाचं.
म्हणून या विलायती बंगल्याच्या कपाळावर
डोळे वटारलेलं कीर्तिमुख आहे,
उंबऱ्याआत दगडी कासव,
आणि दिवाणखान्यात सोळा खांब.
पहिल्या रात्री एका मडमेनं विचारलं म्हणे,
इथली घंटा कुठं गेली?

पुढं काय, रेशीम खातं आलं.
मग मुलींचं वसतिगृह :
शेकोटीच्या कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या,
दगडी कठड्यावर वाळणारे परकर.
मग कोर्ट.
मग वटवाघळं.

इलाहीचा पणजा इथं पखालीनं पाणी घालायचा.
त्यांच्या घरात अजून सांगतात,
बांधून झाल्यावर हार्टनेल एकदाच आला,
वळसा घालून मागं गेला,
पायरीवर बसून बूट काढले,
आणि बसूनच राहिला.
सावळाप्पा म्हणाला, 'आत तर या.'
'पाय चिखलाचे आहेत,' म्हणाला.
चैत्र चालू होता.

मागचं दार पुढच्यापेक्षा चार बोटं उंच भरलं.
'चुकलं असंल, परत धरा,' इलाही म्हणाला.
परत धरला. तेवढंच.

फॉर्मात एक रकाना आहे :
मुख्य प्रवेश, दिशा.
कीर्तिमुख पूर्वेला बघतंय, हे दिसतंय मला.
पेन टेकवलं, उचललं.

तेवढ्यात गुऱ्हाळावरनं हाक आली,
'ओ मोजणीवालं, काकवी घ्यायला या की!'
टेप गुंडाळला.
आम्ही मागनंच गेलो.
जवळ पडतं.